बालमंत्रिमंडळाचा देखावा

आपल्याकडील अनेक प्राथमिक शाळांतून हल्ली बालमंत्रिमंडळ असते. मतदान होते, बोटास शाई लागते, मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री निवडले जातात आणि पाहुण्यांच्या समक्ष शपथविधी उरकतो. पुढे काय? पुढे आरोग्यमंत्र्याने रांगेतील मुलांची नखे पाहावी, स्वच्छतामंत्र्याने कागदाचे बोळे उचलवावेत आणि मुख्यमंत्र्याने परिपाठाच्या वेळी ‘सावधान’ म्हणावे! गुरुजींचे हुकूम मुलांच्या तोंडून वदवून घ्यावयाचे आणि त्यास लोकशाही म्हणावयाचे, या चातुर्यास आमचे वंदन असो. ज्यास एकही गोष्ट ठरवता येत नाही तो मंत्री नव्हे; तो बिनपगारी शिपाई होय.

आमच्या माहितीतील एका शाळेत पाण्याचे नळ पहिलीच्या मुलांच्या हातास पोहोचत नसत. चौथीतील एका मुलीने, ती पाणीमंत्री होती म्हणून, ही गोष्ट मुलांच्या सभेत मांडली. वहीत नोंद झाली आणि वही कपाटात गेली. पुढे तपासणीस साहेब आले असता तिने तेच त्यांस सांगितले. नळ होता तेथेच राहिला. मुलीचे पद मात्र दुसऱ्या दिवशी गेले. घरी आईवडिलांनीही तिलाच दटावले, ‘तुला कोणी सांगितले होते शहाणपण करायला?’ त्या वर्षी तिने नागरिकशास्त्राचा जो धडा घेतला तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही. पण तो जन्मभर पुरेल.

‘मुलांना काय कळते?’ असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. अभ्यासक्रम मुलांनी ठरवावा असे आमचे म्हणणे नाही. परंतु मुलींच्या शौचालयाची कडी मोडली आहे, खिचडी खाताना अमक्याशेजारी कोणी बसत नाही, सभेच्या दिवशी झाडू नेहमी मुलींच्याच हाती येतो, या गोष्टी मुलांना आधी कळतात आणि मुख्याध्यापकांना सर्वांच्या शेवटी. शाळेचे सामुदायिक जीवन ते हेच. आणि त्याविषयी बोलण्याचा पहिला अधिकार जे ते जगतात त्यांचा आहे.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. ज्यांस ही भीती वाटते त्यांनी यानूश कोर्चाक या पोलिश वैद्याचे उदाहरण पाहावे. वॉर्सा येथे १९१२ साली उघडलेल्या अनाथगृहात त्याने मुलांचे न्यायालय चालविले. न्यायाधीश मुलेच, आणि त्यांच्या संहितेतील बहुसंख्य निकाल क्षमेचे. सहा महिन्यांच्या अवधीत कोर्चाक स्वतः पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभा राहिला. त्याने मुलांच्या मनातील आपले स्थान गमावले काय? १९४२ साली नाझींनी त्या मुलांना त्रेब्लिंका येथील मृत्यूच्छावणीत नेले, तेव्हा तो त्यांना सोडून गेला नाही. त्यांच्यासमवेतच मरण पावला. अशा माणसास मुलांपुढे उभे राहण्यात कमीपणा वाटला नाही. मग आमच्या मुख्याध्यापकांस एका नळाची तक्रार का बोचावी?

कायद्यास तर हे मान्यच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या २९ व्या कलमात, मूल भयमुक्त असावे आणि त्यास आपली मते मोकळेपणी मांडता यावीत, हे तत्त्व घातलेले आहे. पण कलमे कागदावर राहतात, कारण आपण पालक त्यांची मागणी करीत नाही. गुणपत्रिकेतील अर्ध्या गुणासाठी शाळेत भांडावयास जाणारे आपण, मुलाची सभा कधी भरली होती हे विचारावयास जात नाही.

आमची मागणी थोडीच आहे. पंधरवड्यातून एकदा मुलांची सभा भरावी. तिच्या वहीत प्रत्येक तक्रारीखाली मुख्याध्यापकांनी आपल्या हाताने उत्तर लिहावे, आणि उत्तर नकाराचे असेल तर कारणही लिहावे. आणि बोलणाऱ्या मुलावर रोष धरला जाऊ नये. एवढेही जमत नसेल तर ते शपथविधी बंद करावेत. मोठ्यांपुढे तोंड उघडावयाचे नाही असे जे मूल शिकले, ते मोठ्यांकडून स्वतःवर अन्याय होईल त्या दिवशीही गप्पच राहील. मग ‘तू आधी का सांगितले नाहीस?’ असे त्यास कोणत्या तोंडाने विचारणार?