आवाज कमी करा, पोराला रागावू नका!

लॅबमध्ये ॲम्प्लिफायर सॅच्युरेट झाला की आपण काय करतो? इनपुट कमी करतो, नाहीतर गेन. ॲम्प्लिफायरच्या पाठीत धपाटा घालत नाही! ऑटिझम असलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा मावसभाऊ आठ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. मिक्सर सुरू झाला की तो कान दाबून पलंगाखाली शिरतो. कॉलरमागचं लेबल त्याला काट्यासारखं टोचतं. उलट गुडघा फुटला तरी पटकन कळत नाही, आणि झोक्यावरून तर तो उतरायलाच तयार नसतो. म्हणजे काही संवेदना फार तीव्र, काही फार मंद आणि दोन्ही एकाच मुलात! हे नाटक नव्हे. डॉक्टर निदानासाठी जो डीएसएम-५ हा ग्रंथ वापरतात, त्यात २०१३ पासून ही गोष्ट ऑटिझमच्या लक्षणांमध्ये नोंदवलेली आहे. पण लग्नाच्या हॉलमध्ये हे कोण ऐकून घेतो? "लाडावून ठेवलाय", "एक ठेवून द्या, सुधारेल" असे सल्ले ऐकून मावशीने लग्नांना जाणंच सोडलंय.

घरात मात्र तिने साधेच बदल केलेत. मिक्सर लावण्याआधी ती सांगते, "आता आवाज होणार हं, वीस मोजू." लेबलं कापून टाकते. खोलीच्या कोपऱ्यात चादरीचा तंबू आहे, जीव घाबरा झाला की तो तिथे जातो. तिथे कोणी त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, हा घराचा नियम. बाजारात जाताना इअरमफ, तेही गरजेपुरते. आणि अभ्यासाआधी दहा मिनिटं झोका, हा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "उद्या जग थोडंच त्याच्यासाठी आवाज कमी करणार आहे? आत्तापासून सवय नको का?" प्रश्न चूक नाही. पण सॅच्युरेट झालेल्या ॲम्प्लिफायरमधून सिग्नल धड बाहेर पडत नाही, तसंच घाबरून गेलेलं मूल काहीच शिकत नाही. सवय लावायचीच तर हळूहळू, आणि थांबवायची मुभा त्याच्याकडे ठेवून.

टेंपल ग्रँडिन हे नाव आपल्या शाखेच्या पोरांना माहीत असायला हवं. अमेरिकेतल्या या शास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा त्यांनी मावशीच्या रँचवर पाहिला. त्यात गुरं शांत होतात हे हेरून वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. माणसाची मिठी त्यांना सहन होत नसे, पण यंत्राचा दाब चालायचा. कारण किती दाबायचं याचा कंट्रोल त्यांच्याच हातात होता. सगळी मेख इथेच आहे!

आता आपल्याकडे वळूया. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. स्पीकर ८५ वर गेला तर ध्वनीची तीव्रता दीडपट नव्हे, हजारपट होते. लॉग स्केल आपण शिकलोय ना? मग गॅदरिंगला आणि गणपतीला एवढं तरी करूया: स्पीकरचं तोंड घरांकडे नको, ढोल किती वाजता सुरू होणार ते आधी जाहीर करायचं, आणि एक वर्ग 'शांत खोली' म्हणून उघडा ठेवायचा. खर्च शून्य. पण माझ्या मावशीसारखी एखादी आई पोराला घेऊन कार्यक्रमाला येऊ शकेल, आणि शेवटपर्यंत थांबूही शकेल.

रोबोटला सेन्सर बसवताना आपण रात्र-रात्र जागून कॅलिब्रेशन करतो. एका मुलासाठी व्हॉल्यूमचं बटण थोडं डावीकडे फिरवायला काय हरकत आहे?