एक मार्काची अंगणवाडी

परवा भाच्याला अभ्यासिकेत सोडायला सदाशिव पेठेत गेलो होतो. पेरुगेटजवळ चहा घेताना एमपीएससीवाली पोरं एकमेकांना प्रश्न विचारत होती. "एकात्मिक बालविकास योजना कधी सुरू झाली?" "२ ऑक्टोबर १९७५!" बरोबर. एक मार्क. पुढचा प्रश्न.

त्यातली एक मुलगी मुख्यसेविकेच्या परीक्षेची तयारी करतेय. आई गावाकडे अंगणवाडी सेविका. आईच्या मानधनातून हिची मेस आणि कॉटचं भाडं निघतं. कसं निघतं, ते त्या दोघींनाच ठाऊक.

मंडळी, या एका मार्काच्या योजनेची आपण काय किंमत ठेवलीय ते बघा. सेविकेचं मानधन केंद्राने २०१८ साली ४,५०० रुपये ठरवलं. नंतर गॅस, तेल, एसटीचं तिकीट सगळं वाढलं. हा आकडा कित्येक वर्षं जागचा हलला नाही. २०१७ साली एका लेकराच्या रोजच्या आहाराला ८ रुपये ठरले. आठ रुपयांत पेरुगेटवर चहासुद्धा येत नाही! राज्याने आपला वाटा वाढवला, नाही असं नाही. पण त्यासाठी डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवस या बायकांना संप करावा लागला.

लगेच कोणीतरी म्हणेल, "अहो, पण त्या शिकवतात कुठे?" शिकवणार कधी? आहार वाटायचा, वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचं, मोबाईलवर माहिती भरायची, वर सरकारी सर्व्हे. यातून उरलेल्या वेळात बालशिक्षण. आधी वेळ काढून घ्यायचा आणि मग निकाल विचारायचा, हा कुठला न्याय?

अंगणवाडी दिल्लीहून आलेली नाही, आपल्या मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ती उभी केली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, इतकी साधी गोष्ट. आज काय चाललंय? २०२० चं शैक्षणिक धोरण म्हणतं, पाया तिसऱ्या वर्षी घालायचा. शिक्षणहक्क कायदा मात्र सहाव्या वर्षी सुरू होतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं सरकारच्या मर्जीवर! ज्याच्या खिशात पैसा, त्याचं पोर नर्सरीत. बाकीच्यांनी खिचडी खावी आणि घरी जावं.

"पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न रस्त्याच्या आणि पुलाच्या उद्घाटनाला कोणी विचारत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, म्हणजे ही नुसती समाजसेवा नाही, काम आहे. मग कामाचा पगार द्या. प्रत्येक अंगणवाडीत फक्त शिकवण्यासाठी एक प्रशिक्षित बाई द्या. आणि तीन वर्षांच्या पोराचा शिक्षणाचा हक्क कायद्यात लिहा.

पुढच्या वेळी मतं मागायला कोणी दारात आलं, तर एवढंच विचारा: आमच्या वॉर्डातली अंगणवाडी कुठेय, आणि तुम्ही शेवटचं आत कधी गेला होतात? उत्तर आलं तर मलाही कळवा.