हे प्रमाणपत्र कोणाला हवे आहे?

अप्रेझलचे दिवस जवळ आले की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : अमुक सर्टिफिकेशन करू का? विचारणाऱ्यांत पहिली नोकरी शोधणारी मुले असतात, तशी पंधरा-पंधरा वर्षे सर्व्हर सांभाळलेली माणसेही असतात. सिस्कोच्या सीसीएनएची फी 300 डॉलर, वर जीएसटी. अनेक फ्रेशरांचा महिन्याचा पगार एवढाच असतो. म्हणून उत्तर देण्याआधी आम्ही एक गोष्ट विचारतो. हे प्रमाणपत्र नेमके कोणाला हवे आहे? तुम्हाला, तुमच्या कंपनीला, की कंपनीच्या ग्राहकाला?

सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना सिस्को, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन यांच्या भागीदार योजनांत वरचा दर्जा हवा असेल, तर ठरावीक संख्येने प्रमाणित माणसे दाखवावी लागतात. दर्जा वाढला की सवलती वाढतात, ग्राहकही मिळतात. टेंडरचे तेच. मोठ्या निविदांना टीमचे बायोडेटा जोडले जातात आणि तांत्रिक मूल्यमापनात कोणाकडे कोणते सर्टिफिकेशन आहे यालाही अनेकदा गुण असतात. अशा वेळी तुमच्या परीक्षेचा पहिला फायदा कंपनीला होतो. मग फी कंपनीने भरावी आणि अभ्यासाला कामाच्या तासांतून वेळ द्यावा. एका परीक्षेच्या फीपोटी कोणी दोन वर्षांचा बॉण्ड पुढे केला, तर त्यावर सही करू नका. एडब्ल्यूएसच्या असोसिएट पातळीची परीक्षा 150 डॉलरची आहे. तेवढ्यासाठी दोन वर्षे बांधून घेणे अन्यायाचे आहे.

काही ठिकाणी मात्र प्रमाणपत्र ही प्रवेशाचीच अट असते. पेमेंट यंत्रणांच्या सिस्टीम ऑडिटसाठी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांत ‘सिसा’ किंवा सनदी लेखापालांच्या संस्थेची ‘डिसा’ ही पात्रता मागितलेली आहे. ऑडिटमध्ये जायचे असेल तर इथे वाद घालण्यात अर्थ नाही. पण अशा प्रमाणपत्रांना अनुभवही लागतो. सीआयएसएसपी हवे तर परीक्षा पास होऊन भागत नाही, आठपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचे काम दाखवावे लागते. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना ‘सायबर सिक्युरिटीत लाखाचा पगार’ म्हणून ही नावे विकणारे क्लास ही अट पुरेशी ठळक सांगत नाहीत, याची आम्हाला चीड आहे.

परीक्षा कशी घेतात, हे आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. रेड हॅटच्या आरएचसीएसएमध्ये पर्याय निवडायचे नसतात. चालू मशीनवर काम करून दाखवायचे असते. कुबरनेटीसच्या सीकेएमध्ये दोन तास टर्मिनलसमोर बसून क्लस्टर दुरुस्त करावे लागतात. ओएससीपीत जवळजवळ अख्खा दिवस यंत्रणा भेदायच्या आणि पुढच्या 24 तासांत अहवाल लिहून द्यायचा. ही प्रमाणपत्रे हातात असलेल्या माणसाने निदान एकदा तरी ते काम केलेले असते. बहुपर्यायी परीक्षेबद्दल तसे म्हणता येत नाही, आणि डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्न, पाठ करून दिलेल्या परीक्षेबद्दल तर मुळीच नाही. डम्प वापरणारा नियम मोडतो, पकडला गेल्यास प्रमाणपत्र रद्द होते, हे खरेच. पण त्याहून मोठे नुकसान रात्री जागून लॅब करणाऱ्याचे होते. मुलाखत घेणारा त्याच्याकडेही संशयाने पाहू लागतो.

अनुभवी मंडळींसाठी आमचा सल्ला वेगळा आहे. आधी अभ्यासक्रम वाचा; तो फुकट मिळतो. 2020 च्या फेब्रुवारीत सीसीएनएचे नवे रूप आले तेव्हा त्यात ऑटोमेशन, रेस्ट एपीआय आणि जेसन आले. आरएचसीई तर आता जवळजवळ पूर्ण अ‍ॅन्सिबलवर उभी आहे. दहा वर्षे राउटर आणि सर्व्हर हाताने कॉन्फिगर केलेल्या माणसाला या याद्या वाचताना आपल्याला काय येत नाही ते लगेच कळते. ते शिकायला परीक्षा द्यावीच लागते असे नाही. घरच्या जुन्या लॅपटॉपवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन उभी करूनही बरेच शिकता येते.

मुदतीचाही हिशेब करा. सीसीएनए तीन वर्षे टिकते. एप्रिल 2024 पासून सीकेए दोनच वर्षे. मायक्रोसॉफ्टची बहुतेक नवी प्रमाणपत्रे वर्षाची, पण त्यांचे नूतनीकरण फुकट होते. ज्या एमसीएसईच्या जोरावर एका पिढीने नोकऱ्या मिळवल्या, ते तर जानेवारी 2021 मध्ये बंदच झाले.

तेव्हा नवख्यांनी आपल्याला हव्या त्या पदाच्या वीसेक जाहिराती वाचाव्यात, त्यांत वारंवार दिसणारे एकच सर्टिफिकेशन निवडावे, ते शक्यतो प्रात्यक्षिक परीक्षेचे असावे, आणि सोबत स्वतः उभे केलेले, चालणारे काहीतरी दाखवावे. ज्यांना ते काम आधीच येते आणि ज्यांचे काम बोलके आहे, त्यांनी स्वतःच्या खिशातून फी भरण्याची घाई करू नये.

शेवटचे सांगणे भरती करणाऱ्या वाचकांना. टीम लीड, मॅनेजर म्हणून तुमच्यापैकी अनेक जण जाहिरातीचा मजकूर ठरवता. टेंडरची किंवा नियामकाची अट नसेल, तर ‘सर्टिफिकेशन अनिवार्य’ ही ओळ काढून टाका. उमेदवाराला अर्धा तास टर्मिनल द्या, एक बिघडलेली सर्व्हिस द्या आणि तो तिच्यातला बिघाड कसा शोधतो ते शेजारी बसून पाहा.