‘सर्वाधिक शोधलेला’ म्हणजे ‘सर्वाधिक पसंतीचा’ कसा?



सणासुदीची खरेदी जवळ आली की कोणत्या कंपनीचा टीव्ही, फ्रीज किंवा मोबाइल ‘सर्वांत लोकप्रिय’ आहे हे सांगणारे आलेख वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर दिसू लागतात. आधार पुष्कळदा ‘गुगल ट्रेंड्स’चा असतो. दोन-तीन रंगीत रेषा असतात. जिची रेषा वर ती कंपनी पहिली, असा निकाल लावून बातमी संपते. या रेषा लोकांचे कुतूहल मोजतात. त्यांना पसंतीचा दाखला म्हणून छापणे ही वाचकाची दिशाभूल आहे, आणि मुंबईच्या बाबतीत ती अधिकच गंभीर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात गुगल ट्रेंड्स शोधांची संख्या सांगत नाही. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात एकूण शोधांपैकी एखाद्या शब्दाचा वाटा जेव्हा सर्वाधिक होता, त्या वेळेला १०० धरले जाते आणि बाकीचे आकडे त्या प्रमाणात बसवले जातात. कालावधी बदलला की त्याच कंपनीच्या रेषेचे रूप बदलते. त्याहून मोठी अडचण शब्दांची आहे. एखादा शब्द टाकला की तो ज्या ज्या शोधात आला ते सगळे शोध मोजले जातात. ‘विवो’ घ्या. २०१६ ते २०१९ आणि पुन्हा २०२१ मध्ये आयपीएलच्या नावापुढे याच कंपनीचे नाव होते. त्या हंगामांत ‘विवो आयपीएल’ असे टाइप करून धावफलक पाहणारा माणूस मोबाइलचा चाहता ठरतो. शाओमीचे ‘एमआय’ तर त्याहून अवघड. मुंबईत ‘एमआय’ म्हणजे मुंबई इंडियन्स, आणि रोमन लिपीत मराठी लिहिणारा ‘मी’ हा साधा शब्दही त्याच दोन अक्षरांत लिहितो. पुढे २०२१ मध्ये शाओमीनेच आपल्या वस्तूंवरून ‘एमआय’ हे नाव काढायला घेतले. म्हणजे रेषा खाली आली तरी त्यात ग्राहकाच्या मनाचा भाग किती आणि नाव बदलण्याचा किती, हे कळणार नाही.

आपल्या उपनगरांतले सर्वांत बोलके उदाहरण गोदरेजचे. भारतीय बनावटीचा पहिला फ्रीज १९५८ मध्ये याच नावाने बाजारात आला. पण मराठी घरात गोदरेज म्हणजे आधी लोखंडी कपाट, मग कुलूप, साबण, आणि विक्रोळीच्या बाजूला घर शोधणाऱ्यासाठी फ्लॅट. या सगळ्यांची बेरीज एका रेषेत घालून ती फ्रीज आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या रेषेशेजारी मांडायची, याला तुलना म्हणता येत नाही. त्यात लिपीची भर. मराठीतले ‘सॅमसंग’, हिंदीतले ‘सैमसंग’ आणि रोमन लिपीतले नाव हे तीन वेगळे शब्द मोजले जातात. बातमीत घेतला जातो तो बहुधा रोमनच; मराठीत टाइप करून शोधणारा ग्राहक आलेखात येतच नाही.

यावर कोणी म्हणेल, की शब्दाऐवजी ‘विषय’ निवडण्याची आणि वर्ग ठरवण्याची सोय तिथे आहे. आहे खरी, आणि तिने गोंधळ बराच कमी होतो. तरी माणूस ते नाव का शोधत होता, हा प्रश्न उरतोच. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, कंपनीने सप्टेंबरात फोन परत मागवले आणि ऑक्टोबरात उत्पादनच थांबवले. आपल्याकडे विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात तो वापरण्यास मनाई केली, दिवसेंदिवस बातम्या चालल्या. भारतात हा फोन दुकानांत विक्रीला आलाच नव्हता! घराजवळचे उदाहरण हवे तर व्हिडिओकॉनचे आहे. औरंगाबादेत वाढलेली ही कंपनी २०१८ मध्ये कर्जप्रकरणामुळे आणि दिवाळखोरीच्या कारवाईमुळे रोज मथळ्यांत होती. त्या महिन्यांत तिचे नाव शोधणारा वॉशिंग मशीन घ्यायला निघाला होता, असे कोण म्हणेल? शिवाय ‘कस्टमर केअर नंबर’ आणि ‘सर्व्हिस सेंटर’ हे शोधही कंपनीच्या नावानेच होतात. फ्रीज बंद पडलेला माणूस त्या दिवशी रेषा वरच नेतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शोधांवरून बाजाराचा अंदाज येतो, हे अर्थतज्ज्ञांनीच दाखवले आहे. ह्युन्यंग चोई आणि हॅल व्हेरियन यांनी २००९ मध्ये मोटारविक्रीसारख्या आकड्यांवर ते करून दाखवले, हे मला मान्य आहे. पण त्यांनी शोधांचे आकडे आधीच्या प्रत्यक्ष विक्रीच्या आकड्यांना जोडले होते, नुसत्या रेषा मांडल्या नव्हत्या. नुसत्या शोधांवर विसंबले की काय होते, ते गुगलच्याच फ्लू अंदाजाने दाखवले. २००८ मध्ये सुरू झालेल्या त्या उपक्रमाने २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतला फ्लू भलताच फुगवून सांगितला आणि २०१५ मध्ये तो बंद झाला. बाजार संशोधन संस्थांचे आकडेही निर्दोष नाहीत. त्यांत बहुधा कंपनीने दुकानदाराकडे रवाना केलेला माल मोजतात. पण काय मोजले ते त्या सांगतात. आयडीसी या अशाच संस्थेच्या मोजणीत २०२४ मध्ये भारतात सुमारे १५ कोटी १० लाख स्मार्टफोन आले, त्यांत अ‍ॅपलचे १ कोटी २० लाखांच्या आसपास होते आणि पहिला क्रमांक विवोचा होता. दर सप्टेंबरात आयफोनची चर्चा कानावर पडणाऱ्याला हे खरे वाटणार नाही.

मुंबईतल्याच आमच्या मनोरीसारख्या गावात ही चूक महाग पडते. इथे मासळी टिकवायला फ्रीज आणि डीप फ्रीझर लागतात. खाऱ्या वाऱ्याने पत्र्याला आणि एसीच्या बाहेरच्या जाळीला गंज चढतो, आणि दुरुस्तीच्या माणसाला मार्व्याहून बोटीने खाडी ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनचा वळसा घ्यावा लागतो. इथल्या ग्राहकाला हवे ते वेगळेच आहे: सुटे भाग मिळतात का, तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी येतो, विजेचे किती तारे आहेत. आलेखात यातले काहीही नसते. तिथे आम्ही ‘मुंबई’ या एका शब्दात बुडालेले असतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. खरेदीच्या पुरवणीत ही माहिती आलेखापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

म्हणून संपादकांना विनंती आहे. असा आलेख छापायचाच असेल, तर शब्द निवडला की विषय, कोणत्या लिपीत, कोणता प्रदेश, कोणता काळ, हे त्याखाली त्याच आकाराच्या अक्षरांत छापा; आणि मथळ्यात ‘लोकप्रिय’ऐवजी ‘सर्वाधिक शोधलेला’ एवढेच म्हणा.

– एक वाचक, मनोरी