राष्ट्राचे दप्तर आणि आपली उदासीनता

आयुष्याची उमेदीची वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत घालविलेल्या माणसास जुन्या अंकांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. कारण दोन पिढ्यांमागे एखाद्या तालुक्यात ज्वारीचा भाव काय होता, कोणती नाटकमंडळी कोठे मुक्कामास होती आणि कोणाच्या जमिनीचा लिलाव पुकारला गेला, हे ज्या बारीक टाइपातील मजकुरावरून उमगते, तो इतिहासग्रंथांत क्वचितच उतरतो. म्हणूनच कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाविषयी महाराष्ट्रात जी अनास्था दिसते, तिचा मला मनस्वी खेद होतो.

लॉर्ड कर्झन यांनी 1903 साली लोकांस खुली केलेली इंपीरियल लायब्ररी 1948 मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय झाली आणि बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या जुन्या बेल्व्हेडियर प्रासादात 1953 पासून जनतेच्या सेवेस रुजू झाली. रियासतकार सरदेसाई यांच्या जोडीने पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार प्रसिद्ध करणारे सर जदुनाथ सरकार यांचा ग्रंथसंग्रहही तेथेच आहे. तेव्हा हे परमुलखाचे दप्तर म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत.

प्रत्येक प्रकाशकाने ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याची एक प्रत स्वखर्चाने या ग्रंथालयाकडे पाठवावी, अशी 1954 च्या कायद्याची तरतूद असून 1956 मध्ये तीत वृत्तपत्रांचाही समावेश झाला. कसूर करणारास मात्र ग्रंथाच्या किमतीखेरीज पन्नास रुपयांपर्यंतच दंड ठरविला गेला! एवढ्याशा धाकाने कोणता कायदा पाळला जाणार? दंड जबर असावा हे खरेच. पण त्याहून अगत्याचे हे की, लहान प्रकाशकांवरील टपालखर्चाचा बोजा सरकारने उचलावा.

वृत्तपत्राचा कागद मुळातच अल्पायुषी. लाकडाच्या लगद्यातील आम्लाने तो पिवळा पडतो, घडीवर चिरतो आणि बांधीव फाइल उघडताच कडेच्या ओळींचा चुरा बोटांस लागतो. शेवटची अक्षरे गळालेली अशी पाने मी कित्येकदा जपून उलटली आहेत. एकुलती एक फाइल कचेरीच्या माळ्यावर ठेवून निर्धास्त राहणारे संपादक, वाळवी आणि पावसाळा यांच्या हवाली आपल्या गावाचा इतिहास करीत असतात.

जिल्ह्याच्या गावी नियतकालिक चालविणाऱ्या प्रत्येक संपादकास माझी विनंती आहे की, अंक निघताच त्याची प्रत नियमाने कोलकात्यास व मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयास रवाना करावी, आणि पोच जपून ठेवावी.