वादविवादाचा विषय बदलू या

'तापमानवाढ निसर्गनिर्मित की मानवनिर्मित?' हा विषय शाळांच्या वादविवाद स्पर्धांत अजूनही ठेवला जातो. दोन्ही बाजूंना सारखा वेळ, सारखे गुण. वक्तृत्वासाठी ठीक आहे; पण शास्त्रज्ञांतही निम्मे-निम्मे मतभेद आहेत, असा समज मुलांच्या मनात राहून जातो. तो खरा नाही.

निसर्गाच्या बाजूने बोलणारा विद्यार्थी खोटे सांगत नसतो. पृथ्वीच्या कक्षेचा आकार सुमारे १ लाख वर्षांच्या, तर आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या चक्राने बदलतो. हिमयुगांची ये-जा या चक्रांशी जोडलेली आहे. १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर पृथ्वी काही काळ सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली होती.

पण मागच्या वेळी ताप मलेरियाचा होता, म्हणून आजचाही मलेरियाचाच, असे डॉक्टर म्हणत नाहीत, रक्त तपासतात. पृथ्वीचीही तपासणी झाली आहे. सूर्यामुळे ताप वाढला असता, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होत आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली जुनी हवा सांगते, की औद्योगिक युगापूर्वीच्या ८ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३०० भागांच्या वर गेले नव्हते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या पुढे आहे. ही भर मुख्यतः कोळसा आणि खनिज तेल जाळल्यामुळे पडली आहे, हे त्या कार्बनच्या प्रकारावरूनही ओळखता येते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मालव्यातला एखादा कडक उन्हाळा हा याचा पुरावा नव्हे आणि एखादा गार हिवाळा हे त्याला उत्तरही नव्हे. अनेक वर्षांच्या, साऱ्या पृथ्वीवरच्या नोंदी पाहाव्या लागतात.

मग वाद कशावर घालायचा? भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. पण आपली बरीचशी वीज कोळशावर चालते. 'कोळसा लवकर सोडायचा, तर त्याचा भार कुणी उचलायचा?' या प्रश्नाला खरोखरच दोन बाजू आहेत. यंदाच्या स्पर्धेसाठी हा विषय ठेवावा, अशी शिक्षकांना आणि विश्वस्तांना विनंती. मुलांनी जोरात भांडावे. पण जे ठरलेले आहे त्यावर नव्हे, जे अजून ठरायचे आहे त्यावर!