व्हेंटिलेटरपाशी माणूस आहे का?



नागपूर विभागातील जुन्या रेल्वे कामगारांना कोलकाता परके नाही. २००३ साली बिलासपूरचा झोन सुरू होईपर्यंत या विभागाचा बराचसा कारभार गार्डन रीचहून चाले. तेथे दक्षिण-पूर्व रेल्वेचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, तर सियालदहला पूर्व रेल्वेचे बी. आर. सिंग रुग्णालय. रुग्णालय रेल्वेचे असो की टपाल बांधवांसाठी सीजीएचएसच्या यादीतले खासगी, रुग्ण गंभीर झाला की नातेवाईक आधी एकच विचारतात : व्हेंटिलेटर आहे का? हा प्रश्न अर्धाच आहे. त्या व्हेंटिलेटरपाशी तिन्ही पाळ्यांत माणूस आहे का, हेही विचारले पाहिजे.

व्हेंटिलेटरची हवा घशातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीवाटे फुप्फुसात जाते. मोठ्या माणसाची ही नळी आतून जेमतेम ७ ते ८ मिलिमीटर रुंद असते. एरवी नाक आणि घसा हवेला ऊब व ओल देतात. नळी घातली की तो मार्गच टळतो. पाइपलाइनचा प्राणवायू कोरडा असतो. हवा ओलसर करण्याची व्यवस्था चोख नसेल, तर कफ घट्ट होतो आणि नळीच्या आत त्याची खपली धरते. पोकळी निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा सोळा पटींनी किंवा त्याहूनही अधिक वाढतो. ब्रेक पाइप चोक झाला तर काय होते, हे आपल्या गाडी तपासणाऱ्या साथींना सांगायला नको!

नळी तुंबू लागली की यंत्र अलार्म देते. पण अलार्म ऐकून धावणारा माणूस लागतो. कफ ओढण्याची बारीक नळी आत सरकत नाही, हे हातालाच कळते. अशा वेळी यंत्र सोडवून हातातील पिशवीने श्वास द्यायचा आणि गरज पडल्यास नळी तत्काळ बदलायची; यात मिनिटांचा हिशेब असतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने श्वास दिला आणि रुग्ण जगवले. अतिदक्षता विभागाचा पाया यंत्राने नव्हे, माणसांनी घातला.

व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे या क्षेत्रातील डॉक्टरांची भारतीय संघटनाही सांगते. एकीला तीन-चार खाटा सांभाळायला लावल्या आणि नळी तुंबली, तर दोष परिचारिकेचा की रिक्त पदे न भरणाऱ्या प्रशासनाचा? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात निवासी डॉक्टर तरुणीची हत्या झाली, तेव्हा डॉक्टरांच्या सलग ३६ तासांच्या ड्युटीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७४ च्या संपात लोको रनिंग स्टाफसाठी ८ तासांची मागणी करणाऱ्या चळवळीला हे दुखणे नवे नाही. थकलेला ड्रायव्हर आणि थकलेली परिचारिका, दोघांच्याही हाती इतरांचे प्राण असतात.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. रेल्वे रुग्णालयांतील परिचारिकांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. व्हेंटिलेटरच्या प्रत्येक खाटेला प्रत्येक पाळीत एक प्रशिक्षित परिचारिका द्या. हवा ओलसर करण्याची साधने आणि फिल्टर यांत काटकसर नको. खासगी रुग्णालयांशी करार करताना हीच अट घाला. शाखांनी हे मुद्दे आपल्या मागणीपत्रकात घ्यावेत.

यंत्राची खरेदी एकदाच होते. माणसाचा पगार दरमहा द्यावा लागतो. प्रशासनाची टाळाटाळ तेथेच आहे, आणि आपला लढाही तेथेच हवा.